कार्डाची किंमत, कामाचे मोल

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा आणि त्याच्या आसपासची गावे ही प्रामुख्याने शेतीवर जगणारी गावे आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या टापूतील शेतीचे रूप पालटले, नगदी पिके आली आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे नाव दूरवर पोचले. शेतीतून आलेला पैसा प्रथम विहिरीकडे, मग घराकडे, मग मोटारसायकलीकडे आणि अखेर मुलांच्या शिक्षणाकडे वळतो, असा सर्वसाधारण क्रम असतो. निमगाव साव्यात आज महाविद्यालय आहे, आणि संगणक ही ग्रामीण विद्यार्थ्यालाही अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. अशा वेळी घराच्या अंदाजपत्रकात एक अपरिचित बाब हळूच शिरू पाहत आहे. ती म्हणजे संगणकावरील खेळांसाठी लागणारे उच्च दर्जाचे ग्राफिक्स कार्ड. तळहातापेक्षा थोडी मोठी, पंखे बसवलेली ही पेटी. पण तिची किंमत कधी एखाद्या मोटारसायकलीइतकी, तर कधी दोन मोटारसायकलींइतकी असते.

ही मागणी कानी आली की वडीलधारी माणसे दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण ‘खेळण्यासाठी एवढे पैसे?’ असे म्हणून विषयच मिटवतात. काही जण, मुलगा संगणकाचे शिक्षण घेत आहे तेव्हा त्याला यातले अधिक कळत असणार, असे समजून मागेल ते देतात. या दोन्ही प्रतिक्रियांत विचाराला रजा दिलेली असते. वस्तू महाग आहे एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही आणि नवी आहे एवढ्यावरून आवश्यकही ठरत नाही. जी वस्तू विकत घ्यायची, तिच्यापासून किती काम मिळते, त्यापैकी किती कामाची आपल्याला गरज आहे आणि त्या कामासाठी द्यावी लागणारी किंमत अन्यत्र कोणत्या उपयोगी पडली असती, हे तीन प्रश्न अर्थशास्त्राने विचारायचे असतात. ग्राफिक्स कार्डाला हे प्रश्न लावले की या बाजाराचे पुष्कळसे गूढ उकलते.

कार्ड करते काय?

संगणकाच्या पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. १९२० बाय १०८० या सर्वसाधारण पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर त्यांची संख्या बरोबर चौपट, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० होते. खेळातील दृश्य क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे ही चित्रे सेकंदाला किमान साठ वेळा नव्याने रेखाटावी लागतात. याचा अर्थ फोर-के पडद्यावर दर सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. प्रत्येक ठिपक्याचे गणित सोपे असते. अडचण आहे ती संख्येची. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा निष्णात कारागिरासारखा असतो. तो अवघड काम एकामागून एक वेगाने उरकतो. ग्राफिक्स कार्ड हे भातलावणीच्या इर्जिकीसारखे आहे. त्यात हजारो साधी गणनकेंद्रे एकाच वेळी एकाच प्रकारचे काम करीत असतात.

१९९९ मध्ये एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणताना ‘ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट’ ही संज्ञा रूढ केली. तेव्हापासून एका कार्डावरील गणनकेंद्रांची संख्या वाढतच गेली. २०२५ च्या जानेवारीअखेर विक्रीस आलेल्या याच कंपनीच्या ‘आरटीएक्स ५०९०’ या सर्वोच्च कार्डावर ती २१,७६० आहे, आणि सोबत ३२ जीबी स्वतंत्र स्मृती आहे.

किमतीची शिडी

२०२५ च्या आरंभी या मालिकेतील कार्डांच्या भारतासाठी ज्या प्रारंभिक किमती कंपनीने जाहीर केल्या, त्या अशा होत्या : ५०७० या कार्डाची ५९,००० रुपये, ५०७० टीआयची ८०,००० रुपये, ५०८० ची १,०७,००० रुपये आणि ५०९० ची २,१४,००० रुपये. दुकानात प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कम टंचाईनुसार याहून पुष्कळ अधिक असू शकते. तथापि तुलनेसाठी जाहीर किंमत हाच त्यातल्या त्यात स्थिर आधार होय.

आता या शिडीच्या प्रत्येक पायरीवर काम किती वाढते? निरनिराळ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पाहिले तर फोर-के पडद्यावर ढोबळमानाने असे चित्र दिसते : ५०७० चे काम १०० धरले, तर ५०७० टीआयचे सुमारे १२५, ५०८० चे सुमारे १४० आणि ५०९० चे सुमारे २१० भरते. खेळागणिक हे आकडे मागेपुढे होतील, पण त्यांचा कल बदलत नाही. म्हणजे कामाच्या एका अंशासाठी पहिल्या कार्डावर ५९० रुपये, दुसऱ्यावर ६४० रुपये, तिसऱ्यावर सुमारे ७६५ रुपये आणि चौथ्यावर सुमारे १,०२० रुपये पडतात. किराणा दुकानात मोठी पिशवी घेतली की दर उतरतो. येथे उलट घडते. जो अधिक घेतो, त्याला अधिक चढा दर द्यावा लागतो.

सरासरी दरापेक्षाही सीमान्त दर, म्हणजे शेवटच्या वाढीव अंशाचा दर, अधिक बोलका असतो. ५०७० वरून ५०७० टीआयवर जाताना २१,००० रुपयांत २५ अंश मिळतात. एका अंशाला ८४० रुपये. तेथून ५०८० वर जाताना २७,००० रुपयांत केवळ १५ अंश; एका अंशाला १,८०० रुपये. ५०८० वरून ५०९० वर जाण्यासाठी आणखी १,०७,००० रुपये मोजावे लागतात आणि ७० अंश पदरी पडतात. अंशाला सुमारे १,५३० रुपये. या शेवटच्या आकड्यात विक्रेत्याच्या हाती एक सोयीचा युक्तिवाद येतो. एवढे दिलेच आहेत तर आणखी थोडे द्या, म्हणजे दर उलट कमी पडेल, असे तो सांगू शकतो, आणि गणित म्हणून ते खोटेही नाही. परंतु त्यातून सिद्ध होते ते एवढेच की, मधली पायरी फारशी फायद्याची नाही. सर्वांत वरची पायरी स्वस्त आहे असे त्यातून मुळीच निघत नाही. ज्याला मधल्या पायरीचीच गरज नव्हती, त्याला या युक्तिवादाने दुप्पट खर्चात ओढले जाते.

खेळापुरते पाहिले तर स्पर्धक कंपनीकडे दृष्टी टाकणेही हिताचे ठरते. एएमडीचे ‘आरएक्स ९०७० एक्सटी’ हे कार्ड मार्च २०२५ मध्ये ५९९ डॉलर या जाहीर किमतीला विक्रीस आले. त्याच्यावर १६ जीबी स्मृती आहे. साध्या रेखाटनात ते ७४९ डॉलरच्या ५०७० टीआयच्या जवळपास पोचते. प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबे हुबेहूब दाखवण्याच्या तंत्रात मात्र ते मागे पडते. किंमत वीस टक्क्यांनी कमी आणि उणीव विशिष्ट खेळांपुरती, असा हा सौदा आहे.

डोळ्याला किती कळते?

उपयोगितेचा ऱ्हास हा नियम पाठ्यपुस्तकात भाकरीच्या उदाहरणाने शिकवला जातो : भुकेल्याला पहिली भाकरी अमृतासारखी, पाचवी नकोशी. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हा नियम घड्याळ लावून दाखवता येतो. सेकंदाला ३० चित्रे दिसत असतील तर दोन चित्रांत सुमारे ३३ मिलिसेकंदांचे अंतर असते. ६० चित्रे झाली की ते १७ वर येते. म्हणजे १६ ते १७ मिलिसेकंदांची बचत. १२० झाली की ८ वर; बचत आठच. २४० झाली की ४ वर, बचत चार. प्रत्येक वेळी काम दुप्पट होते, पण जाणवणारा लाभ निम्म्याने घटतो. शिवाय पडदाच सेकंदाला साठ वेळा बदलणारा असेल, तर कार्डाने दोनशे चित्रे काढली तरी पडद्यावर साठच उमटणार. घरी साधा पडदा आणि त्याला जोडलेले दोन लाखांचे कार्ड ही तीन अश्वशक्तीच्या विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटर बसवण्यासारखी हौस झाली.

लहान पडद्यावर आणखी एक मर्यादा आड येते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर कार्डाचे काम लौकर संपते आणि मुख्य प्रोसेसर मागे राहतो. अशा वेळी ५०८० आणि ५०९० यांच्यातील फरक पुष्कळसा मावळतो. संगणकस्पर्धांत भाग घेण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या विद्यार्थ्याने तर हे विशेष लक्षात घ्यावे. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत संगणकखेळांना प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला, ही गोष्ट खरी. परंतु स्पर्धेत खेळले जाणारे बहुतेक खेळ मुद्दामच माफक यंत्रावर चालतील असे रचलेले असतात; कारण खेळाडू लाखोंनी हवे असतील तर यंत्र लाखोंना परवडणारे हवे. तेथे जय मिळतो तो सरावाने. दोन लाखांच्या कार्डाने त्यात फारसा फरक पडत नाही.

जाहिरातीतील आकडा

येथे ग्राहकाच्या माहितीचा प्रश्न उपस्थित होतो. २०२५ च्या जानेवारीत लास वेगास येथील प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ५०७० हे आधीच्या पिढीतील १,५९९ डॉलरच्या ४०९० इतके काम करील, असा दावा केला. ऐकणाऱ्याला वाटावे की हजार डॉलर वाचले. त्यातील खोच अशी की, नव्या कार्डावर एका खऱ्या चित्रानंतर तीनपर्यंत चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने अंदाजाने भरण्याची सोय आहे, आणि दाव्यात ती अंदाजाची चित्रेही मोजलेली आहेत. अशी चित्रे हालचाल गुळगुळीत भासवतात, यात शंका नाही. परंतु खेळणाऱ्याने कळ दाबल्यापासून खेळाने प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ त्यांनी कमी होत नाही, कारण खेळाचे खरे गणित पूर्वीइतक्याच वेळा होत असते. दुधात पाणी घातल्याने लिटर वाढतात, पण फॅट वाढत नाही, हे संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्या कुटुंबाला वेगळे सांगायला नको. कार्ड घेताना मूळ चित्रांचा आकडा विचारावा आणि भरीचा आकडा वेगळा मागावा.

स्मृतीच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. एकाच नावाचे कार्ड दोन प्रकारांत विकले जाते. २०२५ मध्ये आलेले ५०६० टीआय हे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आहे आणि मूळ डॉलर किमतीत फरक केवळ पन्नासाचा आहे. नवे खेळ आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास या दोन्हींसाठी आठ जीबी अपुरी पडू लागली आहे. म्हणून वरच्या नावासाठी पंचवीस हजार अधिक देण्यापेक्षा पुरेशा स्मृतीसाठी चार-पाच हजार अधिक देणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

टंचाईचा भाव

ही कार्डे इतकी महाग का, याचे उत्तर जुन्नरच्या शेतकऱ्याला इतर कोणाहीपेक्षा लौकर कळेल. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलो टोमॅटोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला होता. सप्टेंबरमध्ये त्याच टोमॅटोला वाहतूकखर्च निघेल एवढाही भाव मिळेना. टोमॅटोची चव किंवा पोषकता दोन महिन्यांत बदलली नव्हती. बदलला होता तो पुरवठा. ग्राफिक्स कार्डांचेही असेच झाले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेले ‘आरटीएक्स ३०८०’ २०२१ मध्ये दुपटीहून अधिक भावाने विकले जात होते. कारण महामारीतील टंचाईच्या जोडीला आभासी चलन ‘खणणारे’ लोक कार्डे ढिगांनी उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली, त्या कामासाठी कार्डांची गरज संपली आणि बाजार ओसरला.

मात्र टोमॅटो आणि कार्ड यांत एक मोठा भेद आहे. टोमॅटो पिकवणारे हजारो आहेत. उच्च दर्जाची कार्डे बनवणारी कंपनी व्यवहारतः एकच. आणि त्या कंपनीला आता खेळणाऱ्यांची पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या वर्षात एनव्हिडियाच्या एकूण विक्रीपैकी सुमारे ४६ टक्के विक्री खेळांच्या विभागातून येत होती. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर गेली. त्यात खेळांचा वाटा ११ अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी होता. उरलेला बहुतेक पैसा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणककेंद्रांतून आला. २०२५ च्या उत्तरार्धात याच केंद्रांच्या मागणीने स्मृतीच्या चिप्सचे भावही भडकले. ज्या मळ्याला सधन गिऱ्हाईक सापडले, तो गावच्या आठवडे बाजारात माल स्वस्त विकील, ही अपेक्षा व्यर्थ होय. निमगाव साव्याचा विद्यार्थी नकळत जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांशी एकाच लिलावात बोली लावीत आहे.

हे क्रेटच्या भाषेत मांडले तर अधिक स्पष्ट होईल. क्रेटला २०० रुपये असा मध्यम भाव धरला, आणि खते, औषधे, मजुरी व गाडीभाडे हे सर्व क्षणभर बाजूला ठेवले, तरी ५०९० साठी १,०७० क्रेट, म्हणजे एकवीस टनांहून अधिक टोमॅटो द्यावे लागतील. ५०७० साठी २९५ क्रेट. या दोहोंतील ७७५ क्रेटांचे अंतर हे त्या कुटुंबाने सोडून दिलेल्या अन्य संधींचे मोल आहे : ठिबकचा संच, एखाद्या वर्षाचे वसतिगृहाचे शुल्क किंवा सावकाराचे न घेतलेले कर्ज. हप्त्याने घेतले की ही किंमत दिसेनाशी होते, परंतु नाहीशी होत नाही. पीक हंगामी असते आणि हप्ता मात्र दरमहा येतो.

खर्च दुकानातच संपत नाही. ५०९० पूर्ण जोरात चालताना एकटे ५७५ वॅट वीज घेते आणि त्यासाठी हजार वॅटचा वीजपुरवठा संच घ्यावा, अशी कंपनीचीच शिफारस आहे. संपूर्ण संगणकाचा भार ८०० वॅट धरून रोज चार तास खेळ चालला, तर महिन्याला ९६ युनिटे होतात. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांचा. म्हणजे एका यंत्रानेच तो जवळजवळ संपवला आणि घरातील दिवे, पंखे, मिक्सर सर्व वरच्या दरात गेले. ग्रामीण भागातील विजेचा चढउतार लक्षात घेता यूपीएसचा खर्च वेगळाच.

खोडदचा धडा

तथापि या सर्व हिशेबावरून ग्राफिक्स कार्ड ही निरर्थक चैन आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर ती मोठी चूक होईल, आणि ती चूक दाखवून देणारा पुरावा जुन्नर तालुक्यातच उभा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांपैकी चौदा खोडदच्या परिसरात एकवटलेल्या आणि सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. या तबकड्यांनी टिपलेले संकेत जोडीजोडीने ताडून पाहावे लागतात. तिसांच्या जोड्या होतात ४३५, आणि हे काम क्षणाचीही उसंत न घेता चालवावे लागते. एकच साधे गणित असंख्य वेळा, एकाच वेळी : नेमके तेच, जे खेळातील चित्र रेखाटताना करावे लागते. म्हणूनच या दुर्बिणीचे जेव्हा अद्ययावतीकरण झाले आणि एका वेळी टिपायच्या लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झवर नेण्यात आला, तेव्हा त्या गणितासाठी ग्राफिक्स प्रोसेसरांचाच उपयोग करण्यात आला. मुलांच्या खेळापायी ज्यांची घाऊक निर्मिती सुरू झाली, त्या यंत्रांच्या साह्याने खोडदचे शास्त्रज्ञ आकाशातील स्पंदकांचा वेध घेत आहेत. २६ सप्टेंबर २०२४ रोजी देशात तीन ठिकाणी ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. एकूण १३० कोटी रुपये खर्चाच्या या योजनेतील एक महासंगणक याच दुर्बिणीसाठी आहे.

परंतु खोडदचा खरा धडा ग्राफिक्स प्रोसेसरांहून जुना आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभारताना तबकड्यांचे पृष्ठभाग अखंड पत्र्याचे केले नाहीत. ताणलेल्या दोरांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी बसवली. ज्या लहरी टिपायच्या, त्यांची लांबी वीस सेंटिमीटरांपासून काही मीटरांपर्यंत. तेव्हा एक-दोन सेंटिमीटरांच्या छिद्रांची जाळी त्यांना आरशाइतकीच चांगली. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला. सांगाडा हलका म्हणून खर्च आवाक्यात आला. आणि खर्च आवाक्यात आला म्हणून पंचेचाळीस मीटरांच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या. जगातील उत्तमोत्तम पृष्ठभाग घेण्याच्या हट्टाने कदाचित चार-पाचच तबकड्या झाल्या असत्या. काम कोणते आहे हे आधी ठरवणे आणि त्या कामापुरतेच साधन घेणे, यालाच काटकसर म्हणतात. कंजूषपणा निराळा, त्यात काम अडते. काटकसरीत ते अधिक होते.

मग करावे काय?

हाच निकष घरच्या खरेदीला लावला तर मार्ग सरळ दिसतो. साधा पडदा आणि विरंगुळ्याचे खेळ असतील, तर वरच्या चारही कार्डांची गरज नाही. २५६० बाय १४४० चा पडदा, चित्रपट-संपादन, त्रिमिती रेखाटन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास ही उद्दिष्टे असतील, तर १६ जीबी स्मृतीचे मधले कार्ड पुरेसे होय. अभ्यासाच्या बहुतेक प्रणाली एनव्हिडियाच्या कार्डांवर बेतलेल्या असल्याने विद्यार्थ्याला तेथे थोडी अधिक किंमत मोजावी लागेल. ज्याला केवळ खेळायचे आहे, त्याने ती मोजू नये. ५०९० हे कार्ड ज्याचा व्यवसाय त्यावर चालतो आणि ज्याचे वाचलेले तास पैशात रूपांतरित होतात, त्याच्यासाठी आहे. अशा माणसाला ते स्वस्तही पडेल.

विद्यार्थ्याला मोठे यंत्र क्वचितच, काही तासांपुरते लागते. अशी वस्तू विकत न घेता भाड्याने घ्यावी हे ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांनी शेतकऱ्याला केव्हाच शिकवले आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची कृत्रिम बुद्धिमत्ता योजना मंजूर केली. तिच्याखाली असे प्रोसेसर सवलतीच्या दराने, ताशी शंभर रुपयांहूनही कमी आकारात, उपलब्ध करून दिले जात आहेत. ताशी शंभर रुपये धरले तरी ५०९० च्या किमतीत २,१४० तास मिळतात. परंतु अशा सवलती ग्रामीण विद्यार्थ्यापर्यंत आपोआप पोचत नाहीत. अर्ज कसा करावा हे सांगणारा शिक्षक लागतो आणि खंड न पडणारे इंटरनेट लागते. ग्रामीण महाविद्यालयांनी एखादे १६ जीबीचे कार्ड बसवलेले यंत्र प्रयोगशाळेत ठेवले, तासांची वही ठेवली आणि ते संध्याकाळीही खुले ठेवले, तर ऐंशी हजारांच्या एका कार्डावर पन्नास विद्यार्थी शिकू शकतील; माणशी खर्च १,६०० रुपये. गावोगावच्या वाचनालयांनी पुस्तकांच्या बाबतीत हेच केले होते. ज्यांना पुस्तके विकत घेणे शक्य नव्हते, त्यांच्या पिढ्या त्या वाचनालयांनी वाढवल्या.

खेळाची हौस हा गुन्हा नव्हे. रेडिओ, दूरचित्रवाणी, मोटारसायकल या साऱ्या वस्तू एकेकाळी वडिलधाऱ्यांच्या मते चैनीच्याच होत्या. चैनही करावी, पण तिचा हिशेब डोळसपणे मांडावा, आणि तो मुलाने व वडिलांनी एकत्र बसून मांडावा. त्या एका बैठकीत मुलाला क्रेटचा भाव कळेल आणि वडिलांना कार्डाचे काम कळेल. अनेक घरांत या दोन गोष्टी एकमेकांना ठाऊक नसतात. किमतीवरून होणाऱ्या भांडणाचे खरे कारण पुष्कळदा हेच अज्ञान असते. सर्वांत महाग वस्तू घेण्याने प्रतिष्ठा वाढते, हा समज शहरातून खेड्यात आलेला आहे. खोडदच्या माळावर उन्हातान्हात उभी असलेली तारांची जाळी त्या समजाला गेली कित्येक वर्षे उत्तर देत आहे.